गाडी वळते म्हणजे दिसतंय असं नाही

रात्री गाडी चालवायला आवडणारे पुष्कळ असतात. रस्ता मोकळा, ऊन नाही, गर्दी नाही. मीही त्यातलाच. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या कुणाला विचारा, रात्री काही त्रास होतो का? उत्तर येईल, छे, उलट निवांत. तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या हातातलं स्टेअरिंग रात्रीही दिवसाइतकंच सरळ चालतं. वळण आलं की गाडी वळते, पट्टा सोडत नाही. गडबड नेमकी इथेच आहे.

हर्शेल लायबोविट्झ आणि आल्फ्रेड ओवेन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक साधी पण डोळे उघडणारी मांडणी केली. आपली नजर दोन वेगवेगळी कामं करते. एक काम वाट धरण्याचं: रस्ता कुठे चाललाय, कड कुठे आहे, आपण किती सरकलो. दुसरं काम ओळखण्याचं: समोर दिसतंय ते काय आहे, माणूस की सावली, उभा ट्रक की चालता. पहिलं काम डोळ्याच्या कडेनेही होतं आणि त्याला फार उजेड लागत नाही. दुसऱ्याला भरपूर उजेड लागतो. अंधार पडला की दुसरं काम ढासळतं, पहिलं जवळजवळ तसंच राहतं.

करून बघायचं असेल तर संध्याकाळी खोलीतला दिवा लावू नका. पुरेसं अंधारलं की खोलीत फिरा. खुर्चीला पाय लागणार नाही, दाराची चौकट चुकणार नाही. आता टेबलावरचं वर्तमानपत्र उचला आणि बातमी वाचून दाखवा. मथळ्याखालचं एक अक्षर लागणार नाही. पण वर्तमानपत्र हातात घेईपर्यंत आपल्याला कमी दिसतंय हे जाणवलंही नव्हतं, कारण चालणं तर झकास जमत होतं. रात्रीच्या ड्रायव्हरचं हेच होतं. रस्त्याची पांढरी रेघ त्याला छान दिसते, म्हणून सगळंच दिसतंय असं वाटतं. काळ्या कपड्यातला माणूस मात्र त्याच्या हिशेबातच नसतो.

डोळ्याची रचनाही याला हातभार लावते. पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी साधारण साठ लाख. रंग आणि बारकावे त्यांच्याकडे, पण त्यांना उजेड हवा. दंडपेशी जवळपास दहा कोटी. त्या अगदी मंद उजेडातही काम करतात, पण रंग ओळखत नाहीत आणि चित्र धूसर देतात. गंमत म्हणजे आपण एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहतो तेव्हा तिची प्रतिमा ज्या मधल्या ठिपक्यावर पडते, तिथे दंडपेशी नसतातच. म्हणून फिकट तारा थेट बघायला गेलं की नाहीसा होतो आणि नजर जरा बाजूला केली की परत दिसतो. अंधारातला माणूसही असाच निसटतो.

दंडपेशींना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. समोरच्या गाडीचा एक झगझगीत झोत आला की त्या सवयीवर पाणी पडतं. वयाचाही भाग आहे. वय वाढतं तशी बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, आतलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्यात जितका उजेड शिरतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात शिरतो. वडिलांनी रात्री गाडी नको म्हटलं तर त्यांना भित्रं ठरवू नये.

उजेड किती, धाव किती

आता जरा आकडेमोड. डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या झोतावर, कामाचा उजेड साधारण ५० ते ६० मीटर पुढे जातो. गडद कपड्यातला माणूस त्याच्याही बराच अलीकडे आल्यावर ओळखू येतो.

ताशी ८० च्या वेगाने गाडी दर सेकंदाला २२ मीटर जाते. काहीतरी दिसलं, ते काय आहे हे कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक आत्ता कुठे लागतोय. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत आणखी साधारण ३६ मीटर. एकूण झाले ६९. उजेड ६० ला संपला होता. उरलेले नऊ मीटर तुम्ही अशा जागेत शिरता, जी निर्णय घेताना तुम्हाला दिसतच नव्हती.

हाच हिशेब ताशी ६० ला केला तर २५ अधिक २०, म्हणजे ४५ मीटर. उजेडाच्या आत बसतो. वेग पाऊणपट केला, पण ब्रेकचं अंतर ३६ वरून २० वर आलं, कारण ते वेगाच्या वर्गाने बदलतं. रस्ता ओला असेल तर टायरची पकड कमी होते आणि ६० चेच ४५ मीटर ६० वर जातात. ८० ला तर ९५ च्या पुढे. ओल्या रस्त्यावर ४५ मीटरमध्ये थांबायचं असेल तर काटा ५० वर हवा. टायर, रस्ता, ड्रायव्हर बदलला की आकडे थोडे इकडेतिकडे होतील, हिशेब हाच राहील.

मग अप्पर, म्हणजे लांब जाणारा झोत, लावा की, असं कुणी म्हणेल. रस्ता रिकामा असेल तर जरूर लावा. उलट, रिकाम्या अंधाऱ्या रस्त्यावर सवयीने डिपरवरच चालवणारे पुष्कळ आहेत आणि ते फुकट आंधळेपण ओढवून घेतात. समोरून कुणी आलं किंवा पुढे कुणाची मागची बाजू दिसली की लगेच खाली.

डिपरबद्दल फारसं कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट. त्याचा झोत दोन्ही बाजूंना सारखा नसतो. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून त्याच्या बाजूला तो आखूड असतो आणि आपल्या कडेच्या बाजूला लांब. म्हणजे आपल्या कडेने चालणारा माणूस लवकर दिसतो. समोरच्या बाजूने रस्ता ओलांडत येणारा उशिरा. त्या बाजूवर मुद्दाम लक्ष ठेवावं लागतं.

डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक अनेक गाड्यांत असतं. मी कितीतरी वर्षं त्याला हातही लावला नव्हता. डिकी आणि मागची सीट भरली की गाडीचं तोंड वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. आकडा वाढवला की झोत खाली येतो. प्रवासाला निघताना सामान भरून झाल्यावर एकदा भिंतीसमोर बघून घ्यावं.

समोरून कुणी अप्पर मारत येत असेल तर त्याला अप्परनेच उत्तर द्यायची खुमखुमी येते. एकदा डिपर मारून खूण केली, पुरे. त्यापुढे गेलात तर रस्त्यावर एका आंधळ्याच्या जागी दोन होतात. नजर त्याच्या दिव्यांवरून काढून आपल्या कडेच्या रेघेवर न्यायची आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. वेग गाडी जवळ येण्याआधी कमी करायचा, ती गेल्यावर नाही. दोन गाड्यांचे झोत एकमेकांत मिसळतात तेव्हा मधे उभा असलेला माणूस अक्षरशः पुसला जातो. आणि समोरची गाडी निघून गेल्यावरही काही सेकंद डोळ्यासमोर काळोखच असतो. तेवढ्यात किती मीटर गेले, ते वर मोजलंच आहे.

काच आतून पुसा. बाहेरची सगळे पुसतात. आतल्या बाजूला प्लॅस्टिकची वाफ, श्वास, धूळ यांचा एक तेलकट थर बसतो. दिवसा तो दिसत नाही, रात्री समोरचा दिवा त्यावर फुटून पसरतो. पांढऱ्या कापडाने पुसा आणि कापड बघा. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे मात्र घेऊ नका. पिवळी काच एकूण उजेड कमीच करते. डोळ्याला बरं वाटतं, दिसत जास्त नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर, असे चष्मे घालून रात्री पायी चालणारा माणूस लवकर दिसतो असं अजिबात आढळलं नाही.

पाऊस

ओला रस्ता रात्री जास्त काळा का दिसतो? कोरडा रस्ता खडबडीत असतो, हेडलाइटचा उजेड तो सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्याकडे परत येतो. पाणी साचलं की त्याचा आरसा होतो. आपला उजेड आरशावरून पुढे निसटून जातो आणि समोरच्याचा तसाच आपल्या डोळ्यात येतो. आपलं जातं, त्याचं येतं. पट्ट्यांच्या रेघाही पाण्याखाली बुडतात. म्हणजे पावसात वाट धरण्याचं कामही अवघड होतं, आणि म्हणूनच लोक पावसात घाबरतात. घाबरतात ते बरंच, हळू चालवतात. चांदण्या रात्री ही भीती कुणाला वाटत नाही.

बरेच दिवस कोरडे गेल्यावर येणाऱ्या पहिल्या सरीपासून जास्त जपावं. रस्त्यावर साठलेलं तेल, रबराचा चुरा आणि धूळ यांचा पातळ लगदा होतो. पाऊस धो धो पडला की तो वाहून जातो. रिमझिम असेल तर रेंगाळतो. दुचाकीवाल्याला हे सांगावं लागत नाही.

खरी फसवी गोष्ट म्हणजे गाडी पाण्यावर तरंगणं. एक टायर जमिनीला टेकतो तो भाग फार तर तळहाताएवढा. पुढ्यात आलेलं पाणी टायरच्या नक्षीतून बाजूला फेकलं जायला हवं. वेग जास्त असेल, नक्षी झिजलेली असेल किंवा पाणी फार असेल तर फेकायला वेळच मिळत नाही. पाण्याची पाचर टायरखाली घुसते आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. ओल्या धावपट्टीवर विमानं घसरत, म्हणून अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रकार तपासला. १९६३ च्या त्यांच्या अहवालातलं सूत्र आजही वापरलं जातं: टायर कोणत्या वेगाला तरंगेल हे त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. सूत्राने ३२ हवेला साधारण ताशी ९४ किलोमीटर येतात, २४ हवेला ८२. सूत्र विमानाच्या टायरवरून निघालंय, त्यामुळे मोटारीला ते अगदी तंतोतंत लावू नये. गोटा झालेला टायर याहून आधीही तरंगू शकतो. पण दिशा पक्की आहे. हवा कमी, तर तरंगणं लवकर. आणि हवा बघायला पैसे लागत नाहीत, आळस सोडावा लागतो.

मला हा अनुभव एकदाच आला आणि तेवढा पुरे झाला. टायरखाली पाण्याची सतत खरखर चालू होती, ती एकदम थांबली. अचानक शांतता. स्टेअरिंग इतकं हलकं झालं, जणू ते कशाला जोडलेलंच नाही. इंजिनाचा आवाज जरा वर चढला. भीती वाटायच्या आधी क्षणभर चक्क छान वाटलं, गाडी लोण्यावरून चालल्यासारखी. मग खरखर परत आली आणि तळव्यांना घाम फुटला.

अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि स्टेअरिंग वळवायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढायचा, चाकं सरळ ठेवायची, वेग उतरला की टायर आपोआप रस्ता धरतो. तरंगत असताना स्टेअरिंग वळवलं तर त्या क्षणी काहीच होत नाही. टायर परत टेकतो त्या क्षणी मात्र गाडी वळवलेल्या बाजूला झेप घेते. क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, पावसात बंदच ठेवा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि पुष्कळ देशांत कायद्याने किमान १.६ लागते. मी १.६ ची वाट बघत नाही. ३ वर आली की बदलतो, कारण पाण्याला कायदा कळत नाही.

काचेवर आतून वाफ धरली तर हात फिरवू नका. एसी लावा, हवा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत घ्यायचं बटण दाबा. एसी हवा कोरडी करतो, मग ती गरम केली तरी चालतं.

साचलेलं पाणी

पाण्यातून गाडी न्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. लहान मोटारीचा तळ साधारण सहा चौरस मीटरचा. तळाच्या वर चढलेलं दर दहा सेंटिमीटर पाणी गाडीला जवळपास ६०० किलोच्या जोराने वर ढकलतं. गाडीचं वजन हजार-अकराशे किलो. तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटरवर धरला, तर रस्त्यावर ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे तळाच्या वर १३. पावणेआठशे किलो वजन तिथेच उचललं गेलं. उरलेल्या दोन-तीनशे किलोवर टायर किती धरणार? बाजूने जरा प्रवाह आला की गाडी आडवी सरकते. ६० सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक गाड्या, मोठ्यासुद्धा, घेऊन जाऊ शकतं. ‘माझी गाडी उंच आहे’ म्हणणाऱ्याला फक्त थोडा उशीर मिळतो. रात्री पाण्याची खोली तर दिसतच नाही आणि खालचा रस्ता जागेवर आहे का, तेही नाही.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, हवा दाबली जाते तसं. मग आतला दांडा वाकतो आणि बंद पडलेल्या इंजिनाचं मोडलेलं इंजिन होतं.

धुकं

धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. हवेतले पाण्याचे थेंब तो उजेड आपल्याच डोळ्यात परत पाठवतात. म्हणून डिपर, आणि असतील तर फॉगलॅम्प. ते बंपरमध्ये खाली बसवलेले असतात, झोत रुंद आणि चपटा असतो, नजरेच्या रेषेतल्या धुक्याला तो कमी पेटवतो.

पण धुक्याचा मोठा दगा वेगळाच आहे. आपल्याला वेग कळतो तो आजूबाजूच्या गोष्टी मागे पळताना दिसतात त्यावरून. धुक्यात त्या फिकट होतात, आणि चित्र फिकट झालं की मेंदूला वेग कमी वाटतो. १९९८ मध्ये ‘नेचर’ मध्ये रॉबर्ट स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी हे सिम्युलेटरवर दाखवलं: ठरावीक वेग राखायला सांगितलं तर धुकं जसं दाट होत गेलं तशी माणसं जास्त वेगाने चालवू लागली. मुद्दाम नव्हे, त्यांना तोच वेग वाटत होता. म्हणून धुक्यात अंदाज सोडा, काटा बघा.

पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून जायचा मोहही असाच. दिवा दिसतो तोवर धीर वाटतो, म्हणून माणूस नकळत जवळ जवळ जातो. पुढची गाडी एखाद्या खुणेपाशी गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा. कोरड्यात दोन मोजून व्हायला हवेत, ओल्यात चार. धुक्यात तेवढं अंतर ठेवून दिवा दिसत नसेल तर वेग आणखी उतरवायचा, अंतर नाही. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवणाऱ्यांना माझा जुना राग आहे: वळणार आहात की उभे आहात, मागच्याने काय समजायचं?

बर्फाचं थोडक्यात: पकड इतकी जाते की थांबायला दहापट अंतर लागू शकतं, आणि पुलावर आधी गोठतं, कारण तिथे खालूनही थंड हवा लागते.

झोप

झोपेत तर जो मेंदू सावध करणार, तोच पेंगलेला असतो. सतरा तास जागं राहिल्यावर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं बिघडतं, हे १९९७ पासून प्रयोगांतून पुढे आलेलं आहे. सकाळी सहाला उठून, दिवसभर काम करून रात्री अकराला निघणारा तिथेच असतो, आणि पुढे रात्री दोन ते पहाटे सहा हा शरीराच्या घड्याळाचा सगळ्यात खोल उतार. चार सेकंदांची डुलकी ताशी ८० ला जवळपास ९० मीटर खाते. डोळे उघडे असतानाही ती लागते.

गेले दोन-तीन किलोमीटर कसे आले हे आठवत नाही, फाटा चुकला, कडेच्या रेघेवर टायर घासला. यातलं काहीही झालं तर तुम्ही आधीच अधूनमधून झोपलेले आहात. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, गालावर चापट मारणं यांनी पाच-दहा मिनिटं निघतात. कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपणं चांगलं, कारण कॉफी चढायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो.

मात्र झोपायला रस्त्याची कड निवडू नका. मागून येणारा पेंगुळलेला किंवा धुक्यात चाचपडणारा ड्रायव्हर तुमचे लाल दिवे धरूनच येत असतो, आणि ते उभे आहेत हे त्याला शेवटी कळतं. पंपावर, हॉटेलच्या आवारात, रस्ता पूर्ण सोडून थांबा. गाडी बंदच पडली आणि कडेला उभं राहण्यावाचून इलाज नसेल, तर चारही इंडिकेटर लावा, माणसं रहदारीच्या बाजूने न उतरवता पलीकडच्या दाराने उतरवा आणि कठड्यामागे न्या. मग लाल त्रिकोण मागे नेऊन ठेवा. किती मागे? ओल्या रस्त्यावर ८० ने येणाऱ्याला थांबायला ९५ मीटरहून जास्त लागतात, म्हणजे सव्वाशे-दीडशे पावलं. चालताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे आणि त्रिकोण छातीशी धरलेला, चमकणारी बाजू बाहेर. अंगावरचे कपडे काळे असतील तर तेवढी एकच गोष्ट त्यांना दिसणार आहे.